अज्जा, तुमचा व्हिडिओ ब्लॉक झालाय!

अपलोड करायला दहा मिनिटं, गायब व्हायला दहा सेकंद! नेटवरून आपली पोस्ट, व्हिडिओ किंवा गाणं ‘काढून टाकलं’ जातं तेव्हा पडद्यामागे नक्की काय घडतं? कॉपीराइटचा फंडा काय आहे? आणि ‘डिलीट’नंतरही आपल्या हातात काही उरतं का?

सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी पकडायची. अक्कलकोट रोड गेलं, नागणसूर गेलं, बोरोटी गेलं की दुधनी. आणखी थोडं पुढे गेलं की कर्नाटक सुरू! दत्तदर्शनासाठी गाणगापूरला जाणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांनी हे स्टेशन खिडकीतून पाहिलं असेल. उतरलं मात्र क्वचितच कुणी असेल. तुरीचा बाजार, घराघरांत कन्नड, शाळेत मराठी आणि पाहुणा आला की शेंगापोळी. हे माझं आजोळ.

माझे अज्जा, म्हणजे आईचे वडील, दर सोमवारी भजनाला बसायचे. बसवण्णांची वचनं, सोलापूरच्या सिद्धरामांची वचनं आणि मध्येच तुकोबांचा अभंग. कन्नड संपून मराठी कधी सुरू झालं, हे ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. हार्मोनियम त्यांची स्वतःची. आवाज थोडा घोगरा, पण सुरात पक्का. घरातल्या कुणीतरी कधीकाळी टेपरेकॉर्डरवर त्यांच्या भजनाच्या दोन कॅसेट भरून ठेवल्या होत्या. अज्जा गेले आणि त्या कॅसेट एकदम सोन्याच्या झाल्या.

त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला माझ्या मामेभावानं एक भारी काम केलं. कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवला, त्याला अज्जांचे जुने फोटो जोडले आणि व्हिडिओ करून एका साइटवर टाकला. म्हणजे पुण्यातले आम्ही, हैदराबादची मावशी, कलबुर्गीचे काका, सगळ्यांना त्या दिवशी एकाच वेळी ऐकता येईल. आयडिया सॉलिड होती.

आदल्या रात्री मेसेज आला. या व्हिडिओतला मजकूर दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असल्याचा दावा आलाय, सबब व्हिडिओ उपलब्ध नाही. दावा कुणाचा? एका म्युझिक कंपनीचा!

मामांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतल्या माझ्या क्यूबिकलमध्ये होतो. “का बे, अप्पांचा आवाज अप्पांच्याच पोरांनी ऐकायचा नाही म्हणायलेत की! पोलीस-बिलीस येणार काय आता?”

“नाही हो मामा, पोलीस कशाला येतील,” मी म्हटलं. पण खरं सांगू? मलाही नीटसं माहीत नव्हतं. मामेभाऊ तर व्हिडिओ स्वतःच डिलीट करायला निघाला होता. कशाला झंझट!

आपल्यापैकी बहुतेकजण हेच करतात. म्हणूनच हा लेख.

दावा म्हणजे निकाल नव्हे!

पहिली गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा. स्क्रीनवर कितीही लाल अक्षरांत मेसेज आला, तरी तो कोर्टाचा निकाल नसतो. कुणीतरी म्हणतंय की ‘हे माझं आहे’, आणि साइटनं ते तात्पुरतं ऐकून घेतलंय. बस्स, एवढंच.

साइट आधी दावा करणाऱ्याचं का ऐकते? कारण तिला स्वतःची कातडी वाचवायची असते. अमेरिकेत १९९८ मध्ये डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट आला. त्याचा सौदा सरळ आहे. लोकांनी काय अपलोड केलं यासाठी साइटला जबाबदार धरणार नाही, पण तक्रार आली की साइटनं तो मजकूर झटपट काढायचा. ज्याचा मजकूर गेला त्याला उलट नोटीस देता येते. त्यानंतर तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावायचा. आपण वापरतो त्यातल्या बहुतेक मोठ्या साइट अमेरिकन कंपन्यांच्या. त्यामुळे दुधनीतून केलेल्या अपलोडलाही फॉर्म भरायचा तो त्याच धाटणीचा!

सौदा कागदावर बरोबरीचा दिसतो. पण वेळेचा हिशेब बघा. काढायला काही तास, परत लावायला दोन-दोन आठवडे.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलंच. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका आईनं आपलं तान्हं बाळ स्वयंपाकघरात नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे प्रिन्स या गायकाचं गाणं वाजत होतं. युनिव्हर्सल म्युझिकनं नोटीस पाठवली, व्हिडिओ गेला. बाईंनी उलट नोटीस दिली, तेव्हा सहा आठवड्यांनी तो परत आला. मग त्या कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये अपील कोर्टानं बजावलं की नोटीस पाठवण्याआधी ‘हा वाजवी वापर असू शकतो का’ याचा विचार तक्रारदारानं करायलाच हवा. तोवर बाळ शाळेत जायला लागलं होतं!

त्याच २००७ मध्ये यूट्यूबनं ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आणली. म्युझिक आणि फिल्म कंपन्या आपल्या मालाचे नमुने तिथे जमा करतात. तुम्ही काही अपलोड केलं की मशीन ते नमुन्यांशी ताडून बघतं. जुळलं की दावा तयार! मग व्हिडिओ ब्लॉक होतो किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे वळतात. हे सगळं माणसाचा हात न लागता.

मशीन हुशार आहे, पण ते आवाज ताडतं, इतिहास नाही. वचनं बाराव्या शतकातली आहेत, तुकोबा सतराव्या शतकातले आहेत, त्यांच्यावर आज कुणाचाच कॉपीराइट नाही, हे त्याला कोण सांगणार? त्याच वचनाचं, त्याच चालीतलं एखादं रेकॉर्डिंग कुणा कंपनीनं जमा केलेलं असेल, तर अज्जांची हार्मोनियम त्याला ‘कॉपी’ वाटू शकते.

गाणं एक, मालक तीन

कॉपीराइटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपण ‘गाणं’ म्हणतो, पण कायदा त्यात वेगवेगळ्या वस्तू बघतो. शब्द वेगळे, संगीत वेगळं, रेकॉर्डिंग वेगळं. आणि गाणाऱ्याचा हक्क आणखी वेगळा.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो, आणि ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी गेले ११ जून १९५० ला. म्हणजे २०११ उजाडलं आणि ‘श्यामची आई’ सगळ्यांची झाली. खुशाल छापा, वाचून रेकॉर्ड करा, अपलोड करा. पु. ल. गेले १२ जून २००० ला. म्हणजे पुलंच्या लेखनावरचा हक्क २०६० संपेपर्यंत कायम! त्यामुळे ‘अरे, एवढं जुनं आहे, कोण विचारतंय’ म्हणून त्यांचं अख्खं कथाकथन तुमच्या चॅनेलवर टाकलंत आणि ते उडालं, तर रडायचं नाही.

रेकॉर्डिंगचं गणित वेगळं. ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आणि कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. म्हणजे गंमत बघा. मठात बसून अज्जांनी जे गायलं, त्यातले शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत, पण त्या गाण्यावर कलाकार म्हणून पहिला हक्क अज्जांचाच! आणि त्यांच्या मागे त्यांच्या वारसांचा. ज्यांचा हक्क, त्यांनाच नोटीस. आहे की नाही कमाल?

लग्नाच्या व्हिडिओंचंही असंच. वरातीत गाणं वाजवायला आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण ती वरातीपुरती. तोच व्हिडिओ मागच्या फिल्मी गाण्यासकट अपलोड केला की प्रकरण वेगळं होतं. नवरीची एंट्री एकदम सायलेंट का झाली, याचं उत्तर इथे आहे.

ते २१ दिवस

आता एक कामाची गोष्ट, जी फार कुणाला माहीत नसते. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१३ मध्ये त्याचे नियम आले. त्यानुसार हक्कदारानं साइटला लेखी तक्रार करायची. त्यात काम कोणतं, हक्क त्याचा कसा आणि चोरी नेमकी कुठे आहे, हे सगळं स्पष्ट लिहायचं. तक्रारीत तथ्य वाटलं तर साइटनं ३६ तासांत मजकूर बंद करायचा, पण तो २१ दिवसांसाठी. तेवढ्यात तक्रारदारानं कोर्टाचा आदेश आणला नाही, तर साइट मजकूर पुन्हा खुला करू शकते.

म्हणजे आपल्या कायद्यानं दोन्ही बाजूंचा विचार केलाय. चोरी थांबवायला ३६ तास आणि खोटी तक्रार उघडी पडायला २१ दिवस. साइट स्वतः न्यायाधीश नाही, हेही यात आलंच. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये टी-सिरीज म्हणजेच सुपर कॅसेट्स आणि मायस्पेस यांच्या खटल्यात म्हटलं की साइटवर लाखो गाणी असतात. कुठेतरी काहीतरी चोरीचं असेल, अशा मोघम जाणिवेवरून साइट दोषी ठरत नाही. नेमकं काय आणि कुठे, हे तक्रारदारानं दाखवलं पाहिजे.

एवढं सगळं असूनही सामान्य माणूस घाबरतो तो ‘स्ट्राइक’ला. इथे एक फरक लक्षात ठेवा. यूट्यूबवर मशीननं लावलेला ‘क्लेम’ वेगळा आणि रीतसर तक्रारीनंतर बसणारा ‘स्ट्राइक’ वेगळा. क्लेमनं चॅनेल धोक्यात येत नाही. स्ट्राइक मात्र ९० दिवसांत तीन बसले, तर अख्खं चॅनेल जाऊ शकतं. ज्याचं पोट चॅनेलवर आहे त्याच्यासाठी ही टांगती तलवारच. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरनं यावरून मोठा बॉम्ब टाकला. आपल्या व्हिडिओंत एएनआय या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या क्लिप होत्या, त्यावरून स्ट्राइक बसले आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपयांचं लायसन्स घ्यायला सांगितलं गेलं, असा त्याचा आरोप. एएनआयचं म्हणणं की आपल्या कॉपीराइटचं रक्षण करणं हा आमचा कायदेशीर हक्क आहे. संस्थेनं त्याच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला.

बरोबर कोण, ते कोर्ट ठरवेल. पण प्रश्न लाखमोलाचा आहे. बातमीवर बोलताना काही सेकंदांची क्लिप दाखवणं ही टीका-समीक्षेसाठीची सवलत मानायची की चोरी? भारतीय कायद्यात टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांना सवलत आहे, पण किती सेकंदांची, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असं तुमचा मित्र छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

नाव काढून फॉरवर्ड!

थांबा, थांबा! हे सगळं वाचून ‘कॉपीराइटवाले म्हणजे व्हिलन’ असं ठरवू नका. नाण्याची दुसरी बाजू आपल्या रोजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे.

सकाळी सकाळी ‘अप्रतिम लेख, जरूर वाचा’ असं काहीतरी येतं. लेख खरंच मस्त असतो. खाली लेखकाचं नाव? गायब! कुणीतरी ते खोडलेलं असतं, वर स्वतःचं चिकटवलेलं असतं किंवा सरळ ‘व. पु. काळे’ असं ठोकून दिलेलं असतं. वपुंनी लिहिलं नसेल इतकं त्यांच्या नावावर फिरतंय! बिचारा मूळ लेखक स्वतःचाच लेख दहा ग्रुपवरून स्वतःला आलेला बघतो.

कायद्याच्या कलम ५७ नुसार लेखकाला ‘हे मी लिहिलंय’ असं सांगण्याचा खास हक्क आहे. त्यानं कॉपीराइट विकला, तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. त्याच्या लिखाणाची मोडतोड करून त्याची इभ्रत घालवली, तर तो दाद मागू शकतो. एखाद्या नवीन फोटोग्राफरचा फोटो कुणी ब्रँडच्या पेजवर ढापला, एखाद्या मुलीनं बनवलेला रेसिपीचा व्हिडिओ कुणी आपल्या नावानं टाकला, तर ती ३६ तासांची नोटीस हेच त्यांचं एकमेव हत्यार असतं. वकील करायला त्यांच्याकडे पैसे कुठायत?

म्हणजे ज्या हत्यारानं अज्जांचा आवाज गप्प केला, त्याच हत्यारानं दुसऱ्या कुणाची तरी मेहनत वाचते. प्रश्न हत्याराचा नाही. ज्याच्यावर ते चाललं, त्याला बोलू देतात की नाही, हा आहे.

‘मला राग आला, काढा!’

कॉपीराइटमध्ये निदान ‘हे माझं’ असं सिद्ध तरी करावं लागतं. पण नेटवरून मजकूर काढण्याचं दुसरं मोठं कारण आहे राग. आणि त्यात महाराष्ट्राचा इतिहास काही फार अभिमानाचा नाही.

ऑर्कुट आठवतंय? स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कम्युनिटी... ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. पण त्याआधी, २००७ मध्ये, ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्यावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका आयटी इंजिनीअरला उचललं. ५० दिवस तो तुरुंगात होता. आणि शेवटी काय निघालं? इंटरनेट कंपनीनं दिलेला आयपी अ‍ॅड्रेसचा तपशीलच चुकीचा होता! तो माणूस तो नव्हताच. तुमच्या-माझ्यासारखाच आयडी कार्ड गळ्यात घालून ऑफिसला जाणारा मुलगा. त्याला ऐकून घ्यायला ५० दिवस लागले.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं त्यावर फेसबुकवर एक पोस्ट टाकली, तिच्या मैत्रिणीनं ती नुसती ‘लाइक’ केली. दोघींना अटक! देशभर गदारोळ झाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे खटलाही बंद झाला. पण हे वाचून दिल्लीची श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ‘६६ अ’ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

त्या निकालाचा दुसरा भाग कमी गाजला, पण आपल्या विषयाला तोच लागू. त्याआधी २०११ च्या नियमांमुळे कुणीही उठून ‘हे आक्षेपार्ह आहे’ असं साइटला कळवायचं आणि साइट टेन्शन नको म्हणून काढून टाकायची. न्यायालयानं सांगितलं की अशा बाबतीत साइटवर मजकूर काढण्याचं बंधन येतं ते कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर. नुसता कुणाला राग आला म्हणून नाही.

मग सरकारनं ठरवायचं का? तोही प्रश्न आपल्याच मुंबईत आला. केंद्र सरकारबद्दलच्या मजकुरात खोटं काय, हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवेल, असा नियम २०२३ मध्ये आला. कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली, तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला.

सीमेवरचं ट्विट

हे सगळं मुंबई-दिल्लीचं झालं. दुधनीत याचं काय, असं वाटत असेल तर ऐका.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भाषक भागावर दावा सांगितला. दुधनी अक्कलकोट तालुक्यातलंच. पुढचे काही आठवडे ट्विट आणि फॉरवर्ड यांचा नुसता धुरळा! १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. बैठकीनंतर ते म्हणाले की बड्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या खोट्या ट्विटर अकाउंटनीही आग भडकवली, त्यांच्यावर गुन्हे नोंदवू.

आमच्या आजोळच्या फॅमिली ग्रुपवर तेव्हा निम्मे मेसेज कन्नडमध्ये, निम्मे मराठीत आणि काही दोन्हीची मिसळ करून. भांडण कुठलं आणि थट्टा कुठली, ते फक्त घरच्यांनाच कळणार. आता हेच बोलणं एखाद्या सार्वजनिक पानावर झालं, तर त्यातलं विखारी काय आणि चावट काय, हे लांब कुठेतरी बसलेलं मशीन कसं ठरवणार? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन हिनं फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात हिंदी आणि बंगालीसाठी मजकूर पारखणारी यंत्रणाच नसल्यानं कितीतरी विखारी मजकूर पकडला गेला नाही, असं होतं. करोडो लोकांच्या हिंदीची ही गत, तर दुधनीच्या कन्नड-मराठी मिसळीचं काय घेऊन बसलात! अशा ठिकाणी विखार निसटतो आणि निरुपद्रवी गोष्ट अडकते. दोन्हीकडून आपलंच नुकसान.

तुमचं काही उडालं तर...

*घाईनं डिलीट करू नका.* आधी मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. दावा कुणाचा, कशावर, नेमक्या कुठल्या मिनिटाला, ते वाचा.

*क्लेम की स्ट्राइक, ते बघा.* क्लेम असेल तर ‘डिस्प्यूट’चं बटण असतं. यूट्यूबवर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. गप्प राहिला तर दावा सुटतो.

*खरं तेच लिहा.* गाणं आपलं नसेल तर ‘माझंच आहे’ म्हणून ठोकू नका. उलट नोटीस हे कायदेशीर निवेदन असतं. मूळ फाइल, कॅसेट, तारीख, गाणारा कोण, हे सगळं जपून ठेवा.

*तक्रार अधिकारी गाठा.* २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या सोशल साइटना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर सरकारच्या ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या कमिट्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. मुदतीचे आकडे दुरुस्त्यांमध्ये बदलत असतात, म्हणून अर्जाआधी ताजा नियम बघा.

*तुमची चोरी झाली तर लाजू नका.* साइटवर कॉपीराइटचा फॉर्म असतो. मूळ लिंक, चोरीची लिंक आणि तुमचा हक्क कसा, हे तीन मुद्दे नीट लिहा. फॉर्म फुकट असतो.

*‘रिपोर्ट’ दाबण्याआधी एक सेकंद थांबा.* हे चोरीचं आहे, धोक्याचं आहे, की फक्त मला आवडलं नाही? तिसरं उत्तर असेल तर पुढे स्क्रोल करा.

आणि अज्जा?

मामेभावाला मी व्हिडिओ डिलीट करू दिला नाही. फोनवर बसून आम्ही दोघांनी डिस्प्यूटचा फॉर्म भरला. गाणारे कोण, कॅसेट कुणाकडे आहे, वचनं कुठल्या शतकातली, सगळं लिहिलं. मामांनी मध्येच फोन घेऊन सांगितलं, “हार्मोनियम बी अप्पांचीच हाय म्हणून लिही की!” तेही लिहिलं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी व्हिडिओ बंदच होता. हैदराबादची मावशी फोन लावून बसली, कलबुर्गीच्या काकांनी दोनदा लिंक उघडून बघितली. शेवटी मामांनी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट घातली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. खरखर, मध्येच कुत्र्याचं भुंकणं आणि त्यातून अज्जांचा आवाज. मी मीटिंग सोडून ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकला.

महिनाभर त्या कंपनीकडून काहीच उत्तर आलं नाही. दावा सुटला, व्हिडिओ परत दिसायला लागला. सॉरी-बिरी काही नाही. आम्ही बरोबर होतो, हे कळायला महिना लागला. आणि तो एक दिवस हुकला तो हुकलाच.

आता तो व्हिडिओ तिथे आहे. खाली मामांनी कन्नडमध्ये अज्जांचं नाव टाकलंय, मामेभावानं मराठीत. परवा मामांचा पुन्हा फोन आला. दुसरी कॅसेटही चढवायची म्हणतायत. म्हटलं, “मामा, पुन्हा दावा लागला तर?”

“लागू दे की बे. फॉर्म भरायला आता येतंय आमाला!”